थॅडियस स्टीव्हन्स : चाळीस एकरांचा हट्ट

अवांतरवाचक (धागाकर्ता)

१८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक युनायटेड स्टेट्समधील सदाचारी लोकांना अर्पण केले, कारण त्या लोकांनी निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठी निरपेक्षपणे झीज सोसली होती. त्या अर्पणपत्रिकेत कोणा एका व्यक्तीचे नाव नाही. आपण वाचक तेथे मनातल्या मनात लिंकनचे नाव घालतो आणि पान उलटतो. मी मात्र गेली काही वर्षे त्या जागी थॅडियस स्टीव्हन्स या गुलामगिरीविरोधी अमेरिकी लोकप्रतिनिधीचे नाव वाचत आलो आहे, आणि तसे का, हे सांगण्यासाठी हा धागा काढला आहे.

स्टीव्हन्सचा जन्म ४ एप्रिल १७९२ रोजी व्हर्माँटमधील डॅनव्हिल येथे झाला. एक पाऊल जन्मतःच वाकडे होते. वडील जोशुआ शेती करत आणि जोडे शिवत. ते घर सोडून गेले ते परतले नाहीत, आणि चार मुलगे एकट्या आईने, सॅलीने, वाढवले. लंगड्या मुलाला शेतीची कष्टाची कामे जमणार नाहीत म्हणून याला शिकवायचेच, असे तिने ठरवले आणि शाळा मिळावी म्हणून कुटुंब पीचम गावी नेले. १८१४ साली तो डार्टमथमधून पदवीधर झाला, पेनसिल्व्हेनियातील यॉर्क येथे शिकवता शिकवता कायदा वाचू लागला आणि स्थानिक नियम आड आले तेव्हा शेजारच्या मेरीलँडमध्ये जाऊन वकिलीची परीक्षा देऊन आला. १८१६ मध्ये त्याने गेटिसबर्ग येथे वकिली सुरू केली. पुढे लढाईमुळे जगाला माहीत झालेले हे गाव तेव्हा गुलामी चालणाऱ्या मेरीलँडच्या सीमेजवळचे एक साधे तालुक्याचे ठिकाण होते.

त्याचे चरित्रकार जेथे चाचपडतात तो प्रसंग याच काळातला आहे. चॅरिटी बटलर नावाच्या गुलाम स्त्रीने स्वातंत्र्यासाठी दावा लावला होता. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याप्रमाणे मालकाने आणलेला गुलाम राज्यात सहा महिने राहिला तर तो मुक्त होई. चॅरिटी अनेकदा येऊन राहिली होती आणि त्या सर्व दिवसांची बेरीज सहा महिन्यांवर जात होती. स्टीव्हन्स उभा राहिला तो मालकाच्या बाजूने. कायद्याला सहा महिने सलग अपेक्षित आहेत, तुकड्यातुकड्यांची बेरीज नव्हे, असा युक्तिवाद त्याने केला. १८२१ साली न्यायालयाने तो मान्य केला, आणि चॅरिटी व तिची मुले पुन्हा गुलामीत गेली. दोनच वर्षांनी, ४ जुलैच्या मेजवानीत, ज्याने कधी माणसाच्या पायात बेडी ठोकली नाही असा माणूस पुढचा राष्ट्राध्यक्ष व्हावा, अशी शुभेच्छा त्याने जाहीरपणे दिली. मधल्या दोन वर्षांत त्याच्या मनात काय घडले यावर त्याने काही लिहून ठेवलेले नाही, आणि त्याच्या वतीने पश्चात्तापाचे नाट्य रचण्याची मला इच्छा नाही. पुढे पळून आलेल्या गुलामांचे खटले मात्र त्याने आयुष्यभर चालवले.

राज्याच्या विधिमंडळात त्याचे मोठे काम शिक्षणाचे आहे. पेनसिल्व्हेनियात पूर्वी गरिबांच्या मुलांना फुकट शिकता येई, पण त्यासाठी आईबापांना आपण निर्धन असल्याची सरकारदरबारी नोंद करावी लागे. कितीतरी पालकांनी ती नामुष्की पत्करण्यापेक्षा मुले घरी ठेवणे पसंत केले. १८३४ च्या कायद्याने सर्वांसाठी करावर चालणाऱ्या शाळा आल्या आणि लगेच करदात्यांनी आरडाओरड सुरू केली. रद्द करण्याचा ठराव सिनेटने मंजूरही केला होता. ११ एप्रिल १८३५ रोजी स्टीव्हन्सने प्रतिनिधिगृहात केलेल्या भाषणाने पारडे फिरले आणि कायदा टिकला. १८३८ साली राज्याची नवी घटना तयार झाली. तिने मताधिकार फक्त गोऱ्या पुरुषांपुरता ठेवला, म्हणून घटना परिषदेचा सभासद असूनही त्याने तिच्यावर सही केली नाही.

अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, तो १८४९ ते १८५३ या काळात व्हिग या तत्कालीन पक्षाचा सभासद म्हणून बसला, आणि १८५९ पासून मृत्यूपर्यंत रिपब्लिकन म्हणून. गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेची राज्ये संघराज्यातून फुटली आणि यादवी युद्ध (१८६१-६५) पेटले, तेव्हा अर्थविषयक समितीचे अध्यक्षपद त्याच्याकडे होते. युद्धाचा पैसा त्याच्या हातून गेला. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते युद्धानंतरचे. ४ डिसेंबर १८६५ रोजी काँग्रेस भरली तेव्हा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्या उदार धोरणाचा लाभ घेऊन दक्षिणेने निवडून पाठवलेले प्रतिनिधी सभागृहात हजर होते, आणि त्यांत कालपरवाचे बंडखोर पुढारीही होते. सभागृहाचा लिपिक एडवर्ड मॅकफर्सन हा स्टीव्हन्सच्या हाताखाली तयार झालेला माणूस. त्याने हजेरीच्या वेळी दक्षिणेची नावे पुकारलीच नाहीत. नाव पुकारले नाही म्हणजे सभासदत्व नाही, आणि सभासदत्व नाही म्हणून हरकत घेण्याचा अधिकारही नाही! सभागृहाच्या कामकाजाचे नियम किती धारदार हत्यार असू शकतात हे ज्याला पाहायचे असेल त्याने तो दिवस अभ्यासावा.

आता मूळ मुद्दा. ६ सप्टेंबर १८६५ रोजी लँकेस्टर येथे त्याने एक हिशेब मांडला. बंडखोर मळेवाल्यांपैकी ज्यांची जमीन २०० एकरांहून अधिक किंवा मालमत्ता १० हजार डॉलरांहून अधिक असेल त्यांचीच जप्ती करावी. त्याच्या अंदाजाने असे मालक सुमारे ७० हजार होते आणि त्यांच्याकडे ३९ कोटी ४० लाख एकर जमीन होती. मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर द्यावेत. असे पुरुष १० लाख धरले तर ४ कोटी एकर जातात. उरलेली जमीन एकरी १० डॉलरांनी विकून युद्धाचे कर्ज फेडावे आणि जखमी सैनिकांना निवृत्तिवेतन द्यावे. पुढच्या फेब्रुवारीत, मुक्त गुलामांसाठी नेमलेल्या ब्यूरोच्या विधेयकात जमिनीची तरतूद घालणारी त्याची दुरुस्ती ३७ विरुद्ध १२६ मतांनी पडली. विरोधात केवळ डेमोक्रॅट नव्हते, त्याचा स्वतःचा पक्ष होता. मताचा अधिकार देण्यास जे तयार झाले, ते जमीन म्हणताच मागे सरकले.

हा हट्ट त्याला कोठून आला? वकिलीत पैसा मिळाल्यावर त्याने आईला २५० एकरांचे शेत आणि १४ गायी घेऊन दिल्या होत्या, आणि आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठा आनंद तोच, असे तो म्हणे. गरिबीच्या घरात वाढलेल्या मुलाला, ज्याच्याकडे जमीन नाही त्याचे मत दुसऱ्याच्या दारात गहाण पडते, हे वेगळे शिकवावे लागत नाही. माझे म्हणणे इतकेच की युद्धानंतर दक्षिणेची घडी नव्याने बसवणाऱ्या, म्हणजे पुनर्रचनेच्या, पुढाऱ्यांत हा एकच असा होता ज्याला कागदावरचे स्वातंत्र्य किती दिवस टिकेल हे आधी दिसले होते. जाणकारांनी मते मांडावीत.

पिंपळपान

लेख आवडला, परंतु आपण आपल्या नायकाला फार सोपे करून दाखवले आहे. जून १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईच्या काही दिवस आधी दक्षिणेचा जनरल अर्ली याच्या सैन्याने स्टीव्हन्सचा कॅलेडोनिया येथील लोखंडाचा कारखाना मुद्दाम जाळला. ज्याचा कारखाना जाळला गेला तोच माणूस दोन वर्षांनी जाळणाऱ्यांच्या जमिनी जप्त करा म्हणतो, तेव्हा त्यामागे सूड नव्हता असे कसे म्हणावे?

दुसरे म्हणजे, अमेरिकेच्या घटनेत तिसऱ्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की देशद्रोहाची शिक्षा म्हणून केलेली जप्ती त्या माणसाच्या हयातीपुरतीच राहील. तिचा फटका वारसांना बसता कामा नये. १८६२ च्या जप्तीच्या कायद्यावर सही करताना लिंकननेही याच कलमावर बोट ठेवले होते. मग ४० एकर दिले आणि मूळ मालक मेला की त्याच्या मुलाने ते परत घ्यायचे काय?

अवांतरवाचक

पिंपळपान, घटनेचा आक्षेप बिनतोड आहे आणि तो स्टीव्हन्सलाही ठाऊक होता. म्हणूनच त्याने देशद्रोहाचा मार्ग टाळला. दक्षिणेने स्वतंत्र राष्ट्र म्हणून युद्ध पुकारले, ते हरले, म्हणून ती राज्ये आता जिंकलेला मुलूख आहेत आणि त्यांना घटना नव्हे तर राष्ट्राराष्ट्रांमधील युद्धाचा कायदा लागू होतो, अशी त्याची मांडणी होती. त्यासाठी तो स्विस कायदेपंडित वॅटेल याचे दाखले देई. लिंकनचे संपूर्ण युद्ध मात्र ही राज्ये संघराज्याबाहेर गेलेलीच नाहीत या गृहीतकावर उभे होते, त्यामुळे स्टीव्हन्सच्या मांडणीने स्वपक्षीयच अधिक अवघडले. तर्क म्हणून ती मला आजही थोडी ओढूनताणून आणलेली वाटते.

सुडाबद्दल मात्र असहमत आहे. कारखाना जळल्यावर त्याने लिहिलेल्या पत्राचा आशय असा आहे की, देश पुन्हा एक झाला आणि गुलामगिरीचा मागमूस उरला नाही, तर हा सौदा आपल्याला स्वस्तच पडला असे मी समजेन. शिवाय १८३८ च्या घटनेवर त्याने सही नाकारली तेव्हा त्याचे काहीच जळलेले नव्हते.

तळटीप

पैशाचा विषय धागाकर्त्यांनी एका वाक्यात उरकला, तो थोडा वाढवतो. फेब्रुवारी १८६२ मध्ये १५ कोटी डॉलरांच्या कागदी नोटा काढण्याचा कायदा झाला. पाठीचा रंग हिरवा म्हणून लोक त्यांना ग्रीनबॅक म्हणू लागले. या नोटा सोन्यात बदलून मिळत नसत, तरी देणे चुकवण्यासाठी त्या घ्याव्याच लागत. सिनेटने मात्र त्यात पाचर मारली: सरकारी रोख्यांवरचे व्याज सोन्यानाण्यांत द्यायचे आणि जकातही नाण्यांतच घ्यायची. स्टीव्हन्स यावर विलक्षण चिडला. सैनिकाला आणि शेतकऱ्याला कागद, आणि सावकाराला सोने, असे दोन प्रकारचे पैसे एकाच देशात कसे चालतील, हा त्याचा प्रश्न होता. हाच माणूस स्वतः कारखानदार होता आणि आयात मालावर भारी जकात असावी असे म्हणे, हेही नोंदवून ठेवतो.

आडवाट

धाग्यात लिडिया हॅमिल्टन स्मिथ यांचे नाव नाही, याचे आश्चर्य वाटले. स्टीव्हन्स अविवाहित होता. लँकेस्टरच्या त्याच्या घराचा, आणि पुढे वॉशिंग्टनच्या बिऱ्हाडाचाही, कारभार वीस वर्षे या मिश्रवंशीय विधवा स्त्रीने पाहिला. त्यांचे दोन मुलगे त्याच घरात वाढले. विरोधी वृत्तपत्रांनी या दोघांच्या संबंधांवर गलिच्छ मजकूर छापण्यात वर्षे घालवली, आणि स्टीव्हन्सने त्यांना खुलासा देण्याची तसदी घेतली नाही. गोऱ्या घरांत कृष्णवर्णीय नोकराणीला नुसत्या पहिल्या नावाने हाक मारण्याच्या त्या काळात तो त्यांना मिसेस स्मिथ म्हणे आणि पाहुण्यांनीही तसेच म्हणावे अशी अपेक्षा ठेवी. आपल्याकडे ‘अगं ए’ आणि ‘बाई’ यांत जितके अंतर आहे तितकेच ते. त्याच्या मृत्यूनंतर मृत्युपत्राने मिळालेल्या पैशाच्या आधारे स्मिथबाईंनी तेच घर विकत घेतले. प्रेम होते की नव्हते यावर लोक अजून वाद घालतात. मला त्या वादापेक्षा त्या स्वतः व्यवहारात किती चोख होत्या, याचे कौतुक अधिक वाटते.

त्या घराच्या मागे केलेल्या उत्खननात पाण्याचे एक भूमिगत टाके सापडले असून पळून आलेल्या गुलामांना लपवण्यासाठी ते वापरले जात असावे, असे संशोधकांनी अनुमान केले आहे.

मुक्कामपोस्ट

ख्रिस्तियाना प्रकरण कोणीतरी सांगायला हवे. सप्टेंबर १८५१ मध्ये एडवर्ड गॉर्सच हा मेरीलँडचा मालक पळालेले गुलाम पकडण्यासाठी लँकेस्टर जिल्ह्यातील ख्रिस्तियाना येथे आला, तेथील कृष्णवर्णीयांनी प्रतिकार केला आणि गॉर्सच मारला गेला. सरकारने तीसहून अधिक जणांवर चक्क देशद्रोहाचा आरोप ठेवला. पहिला खटला कास्टनर हॅनवे या गोऱ्या गिरणीवाल्यावर उभा राहिला. पकडणाऱ्यांना मदत करण्यास त्याने नकार दिला, हा त्याचा मुख्य अपराध. बचाव करणाऱ्या वकिलांत स्टीव्हन्स होता, पण तो मुद्दाम मागे राहिला, कारण त्याचे गुलामीविरोधी नाव ज्यूरीला बिथरवील अशी भीती होती. ज्यूरीने काही मिनिटांतच हॅनवेला निर्दोष सोडले. स्टीव्हन्सला मात्र पक्षातील सनातन्यांचा रोष सोसावा लागला, आणि १८५३ ते १८५९ या काळात तो काँग्रेसबाहेर होता.

लँकेस्टरचीच आणखी एक गंमत. राष्ट्राध्यक्ष जेम्स ब्यूकॅनन, ज्यांच्या कारकिर्दीत देश फुटला, तेही याच गावचे. एका गावात असे दोन पुढारी म्हणजे म्हणीतल्या एका म्यानातल्या दोन तलवारी. दोघेही १८६८ सालीच वारले.

पिंपळपान

सुडाचा मुद्दा मी मागे घेतो, निदान निम्मा. पण हट्टी माणसाबद्दल माझी दुसरी शंका आहे. मुक्त गुलामांना नागरिकत्व देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीत कृष्णवर्णीयांना मताधिकार थेट दिलेला नाही. राज्याने पुरुषांना मत नाकारले तर त्याचे प्रतिनिधित्व त्या प्रमाणात कमी होईल, एवढीच तरतूद आहे. त्याच कलमामुळे ‘पुरुष’ हा शब्द अमेरिकेच्या घटनेत पहिल्यांदा शिरला आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या एलिझाबेथ कॅडी स्टँटन आणि सुझन अँथनी यांचा संताप झाला. तत्त्वनिष्ठ म्हणवणाऱ्याने याला हात वर कसा केला?

अवांतरवाचक

याचे उत्तर त्यानेच १३ जून १८६६ रोजी सभागृहात दिले आहे. तरुणपणापासून आपण स्वप्न पाहिले होते की एक दिवस या देशातील सर्व संस्था विषमतेच्या प्रत्येक खुणेपासून मुक्त होतील. ते स्वप्न विरून गेले आहे, आणि इमारतीच्या सर्वांत वाईट भागांना ठिगळे लावण्यावरच समाधान मानावे लागत आहे, असे तो म्हणाला. मग इतका अपुरा प्रस्ताव स्वीकारतोस का? तर, मी देवदूतांत नाही, माणसांत राहतो म्हणून. त्याच्या सर्व भाषणांत मला हे सर्वांत प्रामाणिक वाटते. स्त्रियांच्या मताधिकाराच्या बाबतीत आपला आक्षेप खरा आहे आणि त्याचा बचाव मी करणार नाही.

मात्र अपुरे स्वीकारले म्हणून तो थांबला नाही. दक्षिणेच्या राज्यांनी ही दुरुस्ती धुडकावली तेव्हा, मार्च १८६७ मध्ये, टेनेसी वगळून उरलेल्या दहा राज्यांचे पाच लष्करी जिल्हे करणारा आणि नव्या राज्यघटना तयार करताना कृष्णवर्णीय पुरुषांना मत देणारा कायदा जॉन्सन यांचा नकाराधिकार डावलून मंजूर झाला. त्यामागे स्टीव्हन्सची रेटारेटी होती. त्याच महिन्यात त्याने जमिनीचे विधेयक पुन्हा आणले. प्रकृती इतकी ढासळली होती की भाषणाचा काही भाग दुसऱ्याने वाचून दाखवला. विधेयक पुढे गेले नाही.

तळटीप

आकड्यांची एक योगायोगाची गोष्ट. २४ फेब्रुवारी १८६८ रोजी प्रतिनिधिगृहाने जॉन्सनवर महाभियोग चालवण्याचा ठराव संमत केला तेव्हा बाजूने १२६ मते पडली आणि विरोधात ४७. जमिनीच्या दुरुस्तीविरुद्ध दोन वर्षांपूर्वी पडलेली मतेही १२६. निवडणुकीत सभासद बदलले होते हे मान्य, तरीही राष्ट्राध्यक्षाला खाली खेचण्यास जितके हात वर झाले तितकेच मळेवाल्यांची जमीन वाचवण्यासाठी झाले होते, ही गोष्ट बोलकी आहे. सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ झाले, आणि दोन तृतीयांशाला एक मत कमी पडल्याने जॉन्सन बचावला. स्टीव्हन्सला तोवर चालता येत नव्हते. दोन तरुण त्याला खुर्चीत बसवून सभागृहात नेत असत, आणि तुम्ही मेल्यावर मला कोण उचलणार, असे तो त्यांना विचारी, अशी आख्यायिका आहे.

सांजवात

विनोदाचा विषय निघालाच आहे म्हणून. सायमन कॅमेरॉन हा त्याच्याच राज्यातील पुढारी लिंकनच्या मंत्रिमंडळात येणार होता. हा माणूस हाताचा कितपत शुद्ध, असे लिंकनने विचारले तेव्हा, तापून लाल झालेली शेगडी तो चोरणार नाही असे मला वाटते, असे स्टीव्हन्सने सांगितले म्हणतात. कॅमेरॉनने शब्द मागे घेण्याची मागणी केली. तेव्हा, ठीक आहे, मी माझे विधान मागे घेतो, असे तो उत्तरला. ही कथा सांगणारे अनेक आहेत, आणि प्रत्येकाचा तपशील थोडा वेगळा आहे. टक्कल पडल्यामुळे तो टोप घालत असे, आणि आठवण म्हणून केसांची बट मागणाऱ्या बाईच्या हाती त्याने अख्खा टोपच ठेवला, ही दुसरी कथा.

आडवाट

शेवटी त्याच्या मृत्यूविषयी. ११ ऑगस्ट १८६८ रोजी तो वॉशिंग्टनमध्ये वारला. सिनेटर हेन्री क्ले आणि लिंकन यांच्यानंतर कॅपिटलच्या घुमटाखाली ज्याचे पार्थिव दर्शनासाठी ठेवले तो हा तिसरा माणूस, आणि पहाऱ्याला कृष्णवर्णीय सैनिक होते. मृत्यूनंतर झालेल्या पक्षांतर्गत निवडीतही लँकेस्टरच्या रिपब्लिकनांनी श्रद्धांजली म्हणून उमेदवार त्यालाच केले. दफनासाठी मोठ्या दफनभूमींऐवजी त्याने लहानशी श्रायनर दफनभूमी निवडली होती. इतर ठिकाणच्या नियमांत वर्णाची अट आहे, म्हणून आपण आयुष्यभर ज्या तत्त्वाचा पुरस्कार केला ते मरणातही दाखवण्यासाठी ही जागा पसंत केली, असे त्याच्या थडग्यावर कोरले आहे.

अवांतरवाचक

आडवाट, आभार. मृत्युपत्राबद्दल दोन गोष्टी जोडतो. व्यसनी पुतण्याला त्याने वार्षिक रक्कम लावून दिली आणि पाच पाच वर्षे दारूला शिवला नाही तर इस्टेटीचा भाग मिळत जाईल, अशी अट घातली. पुतण्या काही वर्षांतच वारला. त्याला न मिळाल्यास ती इस्टेट लँकेस्टरमध्ये अनाथालय काढण्यास जावी, तेथे वंश किंवा वर्ण पाहून मुलांत भेद होऊ नये आणि सर्वांनी एकाच टेबलावर जेवावे, असे त्याने लिहिले होते. मृत्युपत्रावरचे वाद मिटायला बरीच वर्षे गेली. पुढे त्या पैशातून हस्तव्यवसाय शिकवणारी शाळा निघाली, आणि आज ती त्याच्या नावाचे तंत्र महाविद्यालय आहे.

दुसरी तरतूद पीचमच्या दफनभूमीसाठी आहे. तेथील रखवालदाराने आईची कबर हिरवी ठेवावी आणि दर वसंतात तिच्या चारही कोपऱ्यांवर गुलाब किंवा तशीच प्रसन्न फुलझाडे लावावीत, एवढ्यासाठी त्याने पैसे ठेवले होते.